घरं बांधायचा हक्क सोडा, टॅक्स वाचवा

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अ‍ॅशबर्नमधल्या मराठी मंडळींसाठी लाउडन काउंटी म्हणजे डेटा सेंटर. खिडक्या नसलेल्या राखाडी इमारती आणि एकरी दहा लाख डॉलरच्याही पुढे गेलेले भाव. पण गाडी पश्चिमेला काढली की थोड्याच वेळात मिडलबर्गच्या बाजूला घोडे, द्राक्षमळे, दगडी कुंपणं आणि मागे ब्लू रिजचे डोंगर दिसायला लागतात. बिल्डर इथवर का पोचले नाहीत? झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे सरकारी नियम, हे एक कारण. दुसरं, कॉन्झर्व्हेशन ईझमेंट.

यात जमीनमालक आपण होऊन लिहून देतो, की मी इथे प्लॉट पाडणार नाही, वसाहत उभारणार नाही. करार होतो एखाद्या लँड ट्रस्टशी, म्हणजे जमिनी जपणाऱ्या संस्थेशी, किंवा सरकारी संस्थेशी. इथली सर्वांत मोठी संस्था म्हणजे व्हर्जिनिया आउटडोअर्स फाउंडेशन, राज्याने १९६६ मध्ये स्थापन केलेली. कराराची नोंद काउंटीच्या दफ्तरात होते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो, तसंच काहीसं. फक्त हा बोजा कधीच उतरत नाही. जमीन मात्र मालकाचीच राहते. त्याने ती कसावी, विकावी, मुलांना द्यावी. विकत घेणाऱ्यालाही तीच बंधनं.

आता पैशाचं बघू. आकडे माझे, हिशेबापुरते. शेत बिल्डरला विकलं तर वीस लाख डॉलर येतील, ईझमेंटनंतर त्याची किंमत बारा लाख उरेल, असं मूल्यांकन झालं. मधले आठ लाख म्हणजे मालकाने दिलेलं दान. व्हर्जिनिया या दानाच्या ४० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांचं टॅक्स क्रेडिट देते, म्हणजे राज्याच्या टॅक्समधून थेट तेवढी सूट. ते वजा जाऊन उरलेल्या ४ लाख ८० हजारांची वजावट केंद्राच्या इन्कम टॅक्समध्ये करपात्र उत्पन्नातून मिळते. साधारण माणसाला ती वर्षाला उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत घेता येते. ज्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीतून येतं, त्याला शंभर टक्क्यांपर्यंत. उरलेली रक्कम पुढे १५ वर्षं ओढता येते. ही उदार सवलत आधी तात्पुरती होती, २०१५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती कायम केली.

पण वजावटीचा फायदा कुणाला? ज्याला भरपूर टॅक्स बसतो त्याला. वॉशिंग्टनच्या वकिलाने हौसेने फार्म घेतलं असेल, तर त्याची चांदी. साठ हजार कमावणाऱ्या शेतकऱ्याला मुळात टॅक्सच किती बसणार? इथे व्हर्जिनियाने डोकं चालवलं आहे. राज्याचं क्रेडिट चक्क विकता येतं. ज्याला व्हर्जिनियाचा टॅक्स भरायचा आहे असा कुणीही ते थोड्या कमी भावात घेतो आणि शेतकऱ्याच्या हातात रोख पडते. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेत खरी शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट हीच.

वारसांचीही थोडी सोय आहे. अशा जमिनीच्या किमतीचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग, कमाल पाच लाख डॉलर, एस्टेट टॅक्समधून, म्हणजे मृत्यूनंतर मिळकतीवर लागणाऱ्या टॅक्समधून, वगळता येतो. अर्थात एवढी मोठी मिळकत असलेली घरं थोडीच.

पैसा आला की चलाखीही येते. काही दलालांनी स्वस्तात जमीन घ्यायची, गुंतवणूकदारांची भागीदारी उभी करायची, मूल्यांकन अवाच्या सवा फुगवून घ्यायचं आणि प्रत्येकाला गुंतवणुकीच्या कित्येक पट वजावट वाटायची, असा धंदाच मांडला. केंद्राच्या टॅक्स खात्याने, आयआरएसने, २०१७ पासून अशा व्यवहारांवर नजर ठेवली आणि २०२२ च्या अखेरीस काँग्रेसने भागीदारीतल्या वजावटीला गुंतवणुकीच्या अडीच पटींची मर्यादा घातली. कुटुंबाच्या भागीदाऱ्या यातून वगळल्या आहेत.

सही करण्याआधी घरात वाद होतात ते टॅक्सवरून नाही, 'कायमचं' या अटीवरून. मुलांना पुढे जमीन विकायची झाली तर भाव शेतीचाच मिळणार. करार मोडायचा तर कोर्टात जावं लागतं, जतनाचा मूळ हेतूच आता अशक्य झाला आहे हे सिद्ध करावं लागतं. आणि ते जमलं तरी जमीन विकून आलेल्या पैशातला ईझमेंटच्या किमतीच्या प्रमाणातला वाटा ट्रस्टकडे जातो.