वारी आणि पायातलं

दिंडीत चालताना पालखी क्वचितच दिसते. दिसतात त्या पुढच्या ओळीतल्या माणसांच्या टाचा. वर पताका, मध्ये टाळ आणि खाली सगळ्या महाराष्ट्राची पायताणं. पहिले दोन-तीन मुक्काम मी अभंग म्हणता म्हणता तीच बघत होतो. टायरच्या जाड तळाच्या चपला, ज्यांना मरण म्हणून नाही. पावसाळी प्लास्टिकचे बूट. अंगठ्याच्या चपला, आणि त्या मोज्यासकट घालता याव्यात म्हणून मोज्याला अंगठ्याजवळ पाडलेली खाच. नऊवारी नेसलेल्या एका मावशींच्या पायात नातवाचे शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट होते, नाड्या काढून टाकलेले. आणि शहरातून आलेल्यांचे रंगीबेरंगी, करकरीत नवे स्पोर्ट शूज. सासवड येईपर्यंत यातले बरेच करकरीत जोड दिंडीच्या ट्रकवर चढले होते.

मला रोज वापरायला जोड हवा होता. माझं काम फिरतीचं आणि उभ्याचं. पायातलं चुकलं की संध्याकाळी गुडघ्यापर्यंत कळतं. वारीला वेगळा जोड घ्यायचा आणि एरवीला वेगळा, हे मला पटत नाही. जो रोज घालणार तोच वारीला न्यायचा. हिशेब साधा आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. रोज चारेक किलोमीटर चालणाऱ्या माणसाला तेवढं अंतर कापायला दोन महिने लागतात. वारीत ते तीन आठवड्यांच्या आत होतं, तेही डांबर, चिखल, ऊन आणि पाऊस असं सगळं तुडवत. दुकानातल्या आरशापुढे चार पावलं टाकून जे कळत नाही, ते इथे आपोआप कळतं.

जोड ज्येष्ठ लागायच्या बराच आधी घेतला होता, तोही संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसणारा बूट संध्याकाळी आवळतो. उभं राहून दोन्ही पायांत घालून बघितला, कारण बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. माझा उजवा किंचित मोठा आहे, म्हणून माप त्याचंच धरलं. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. हे लांब बोट प्रत्येक वेळी अंगठाच असतं असंही नाही, कित्येकांचं शेजारचं बोट पुढे असतं. नंबरावर मी फार विसंबत नाही. आपल्याकडे चालणाऱ्या मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, आणि तो फक्त लांबीचा. रुंदीचं त्यात काहीच येत नाही. चवडा रुंद असलेला माणूस मग एक नंबर वाढवून घेतो आणि टाच आत सरकत राहते.

‘घालाल तसा सैल होईल’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. चामडं रुंदीला थोडं सुटतं, हे खरं. लांबीला ते कुणाचं ऐकत नाही, आणि रेक्झिनसारखं कृत्रिम अप्पर तर रुंदीलाही फारसं सुटत नाही. दुकानात टोचतं ते रस्त्यावर टोचणारच.

मी घेतली ती टाचेला पट्टा असलेली तीन पट्ट्यांची सँडल, खाली रबराचा तळ, कडेनं सगळीकडे शिवण. हातात घेऊन वाकवून बघितली. चवड्याखाली वाकली, मधोमध नाही. मधोमध दुमडणारा जोड तळव्याच्या कमानीला काही आधार देत नाही. बंद बूट घेतला नाही त्याचं कारण वारीतलंच. दिवसातून कितीदा तरी पायातलं काढावं लागतं: विसाव्याला, राहुटीत शिरताना, आरतीला, कीर्तनाला बसताना. नाड्या बांधणाऱ्या माणसाची निम्मी वारी वाकण्यात जाते. आमच्या दिंडीतल्या एका काकांनी आपल्या पट्ट्याला लाल दोरा बांधला होता, कारण पन्नास काळ्या जोडांच्या ढिगातून आपला ओळखणं हेही एक कामच असतं.

पुणे सोडून सासवडला जायचा दिवस सगळ्यांत लांब पल्ल्याचा, 30 किलोमीटरच्या वर, आणि मध्ये दिवे घाट. घाटात माउलींचा रथ वर चढतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे रस्त्याच्या कडेला बूट काढून बसलेली माणसं. चढाला प्रत्येक पावलात टाच उचलली जाते, आणि बूट टाचेला नीट धरत नसेल तर कातडी घासत राहते. आमच्या ओळीतला आयटीतला एक मुलगा अर्ध्या घाटात लंगडायला लागला.

“काका, तुम्ही व्हा पुढे. मी जरा बसतो.”

“बस. पण मोजे काढ आधी.”

जाड सुती मोजे. पिळले असते तर पाणी निघालं असतं. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते, मग घासणं आणि उष्णता मिळून फोड येतो. त्याच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग होता, फोड अजून धरला नव्हता. माझ्याकडे कापडी चिकटपट्टी होती. पाय पुसला, वाऱ्यावर वाळू दिला आणि डागावर पट्टी बसवली, सुरकुती न पडू देता. सुरकुती राहिली तर तीच टोचते. उजव्या पायावर फोड होऊन बसला होता. त्यावरची कातडी सोलू नकोस, इतकंच सांगितलं आणि वर मऊ कापड बांधलं. मग पातळ, घाम लवकर सोडणारे मोजे, आणि नाडी नव्यानं बांधली: बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट. वरचं जे शेवटचं भोक बहुतेक जण रिकामंच सोडतात, त्यातून नाडी ओवली की टाच जागेवर बसते. बूट चांगला होता बिचाऱ्याचा. फक्त दोनच दिवस जुना होता.

सासवडला सोपानकाकांच्या गावी पालखी जास्त थांबते, तेव्हा तळावर एरवी न होणारी कामं होतात. माझ्या दृष्टीनं त्यातलं सगळ्यांत मोलाचं म्हणजे चपला दुरुस्ती. वारीच्या वाटेवर ठिकठिकाणी चर्मकार बांधव पोतं अंथरून बसतात आणि वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देतात. पाय चेपणारे, तेल लावणारे सेवेकरीही असतात, त्यांचे फोटोही निघतात. पण तुटलेला अंगठा पाच मिनिटांत जोडून देणारा माणूस नसता, तर कित्येकांची वारी तिथेच थांबली असती.

माझा एक पट्टा शिवणीतून किंचित उसवला होता, म्हणून मी रांगेत बसलो. काम करणारे गृहस्थ साठीचे असावेत. त्यांनी सँडल हातात घेतली, पट्टा बघायच्या आधी उलटी केली आणि तळ बघितला.

“माउली, तुम्ही डाव्या पायाला बाहेरून टेकता.”

खरंच, डाव्या टाचेची बाहेरची कड उजवीपेक्षा जास्त खाल्ली गेली होती.

“काही होतं का त्यानं?”

“आता नाही. पण अजून झिजू दिलंत तर पाय तिकडेच कलणार. टाचेला पट्टी मारून घ्या वेळेवर. शिवलेला तळ आहे, दहादा उघडता येतो.”

बोलता बोलता त्यांनी आरीनं भोक पाडलं, मेण ओढलेला दोरा आतून-बाहेरून घेतला आणि टाका आवळला. आधीच्या शिवणीच्या भोकांत टाके घातले नाहीत, शेजारी नवीन भोकं पाडली. जुन्या भोकांत घातलेला टाका पट्ट्याला फाडत जातो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गाठ आत दडवून वरून हातोडीनं हलकेच ठोकली, म्हणजे पायाला लागू नये.

त्यांच्या शेजारी मेलेल्या जोडांचा एक ढीग होता. त्यातला एक भारी बूट त्यांनी दाखवला. वरून नवा कोरा, खालचा तळ मात्र तुकडे तुकडे होऊन गळलेला. वारीला घालायचे म्हणून कुणीतरी कित्येक वर्षं खोक्यात जपून ठेवले असणार. हे पॉलीयुरेथेनच्या तळांचं नेहमीचं दुखणं आहे. हवेतल्या दमटपणानं ते आतून विरत जातात, पायात असोत की कपाटात. एक दिवस घालून निघालं की दोन-चार किलोमीटरमध्ये तळ सुटतो. यावर काही उपाय नाही, चिकटवायला खाली धड काही उरतच नाही. रबराच्या तळाचं असं होत नाही, तो फक्त झिजतो. बहुतेक स्पोर्ट शूजमध्ये जो हलका फोम असतो तो आणखी वेगळा. तो गळत नाही, पण दबून बसतो. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर त्याचा उसळेपणा जातो, वरून मात्र बूट धडधाकट दिसतो. म्हणजे एका वारीत त्याचं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आयुष्यही संपू शकतं. नुसत्या मऊपणावर भाळून जोड घेऊ नये, असं मला म्हणूनच वाटतं. बोट दाबून गादीसारखा लागणारा तळ पहिल्या आठवड्यात लाड करतो.

जेजुरी, वाल्हे, नीरा हा सगळा टप्पा पावसात गेला. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आम्हाला मात्र वेगळ्या स्नानाची गरज उरली नव्हती. ओल्या जोडाचं काय करायचं यावर राहुटीत रोज रात्री चर्चा. एक जण पेटत्या गॅसच्या शेगडीशेजारी बूट ठेवायला निघाला, त्याला सगळ्यांनी मिळून अडवलं. आचेनं चामडं तडकतं आणि चिकटवलेला तळ सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबायचे, तासाभरानं बदलायचे आणि जोड वाऱ्याला ठेवायचा, एवढंच. बंद बूट एका रात्रीत पूर्ण वाळत नाही, म्हणून ज्यांच्याकडे दोन जोड होते त्यांचे पाय शाबूत राहिले. माझ्या पट्ट्याच्या सँडलला वारं सगळीकडून लागत होतं, सकाळी काकड्यापर्यंत ती घालण्याजोगी होत असे. भिजलेला पट्टा जरा लांबतो, एक भोक आत घ्यावं लागलं. चिखलातले खडे मात्र बेधडक आत शिरायचे. सँडलवाल्यांनी त्याबद्दल तक्रार करू नये.

अनवाणी चालणारेही खूप असतात. पालखीत ज्यांचं दर्शन घ्यायचं त्या पादुकाच आहेत, मग आपल्या पायात वहाणा कशाला, असं एका विणेकऱ्यांनी मला अगदी सहज विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि त्यांच्या तळव्यांना त्याची गरजही नव्हती. वर्षभर शेतात अनवाणी वावरलेला तळवा आणि माझा तळवा एक नव्हे. पण ज्यांना मधुमेह आहे त्यांनी भक्तीच्या भरातही अनवाणी चालू नये, असं मी ठामपणे म्हणेन. बधिर झालेल्या तळव्याला काच रुतलेली कळत नाही. आमच्या राहुटीतल्या एक आजी रोज रात्री सुनेला तळवे दाखवायच्या, विजेरीच्या उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट. घालण्याआधी जोडात हात फिरवून बघायचीही त्यांची सवय होती.

चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, फलटण, बरड, नातेपुते, हे सगळं पायांच्या दृष्टीनं बिनबोभाट पार पडलं. पाय तोवर सरावतात. खरी परीक्षा झाली ती वेळापूरच्या धाव्याला. इथल्या टेकाडावरून तुकोबांना पंढरीचं शिखर दिसलं आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळी दिंडी उतारावरून धावते. उताराला पाय पुढे सरकतो आणि बोटं बुटाच्या टोकावर आदळतात. रोज तसं आदळलं तर नखं काळी पडतात. दुकानात सपाट फरशीवर हे कधीच लक्षात येत नाही. मी पट्टे आवळून घेतले होते, टाच मागे धरलेली राहिली, बोटांपुढची ती अंगठाभर जागा तशीच मोकळी राहिली. घाटातला तो मुलगाही माझ्या पुढे धावत होता, नाडीचं शेवटचं भोक भरलेलं.

पंढरपुरात दर्शनबारीला जाताना जोड पिशवीत घालून बरोबर घेतला, इतक्या दिवसांच्या ओळखीनंतर बाहेर ठेवायला धजावलो नाही. परत आल्यावर उलटा करून बघितला तर चवड्याखालची नक्षी जवळजवळ सपाट, डावी टाच बाहेरून आणखी थोडी खाल्लेली, शिवण सगळी शाबूत. टाचांना पट्टी मारून घेतली आणि तोच रोज घालतो. कामाच्या काही ठिकाणी बंद बूट लागतो, म्हणून आलटूनपालटून वापरायला एक तसाही घेतला. संध्याकाळी गेलो होतो, पातळ मोजे घरूनच घालून. दोन्ही पायांत चढवला, वाकवला, शिवण बघितली आणि मग दुकानाबाहेरच्या पायऱ्या भराभर उतरून बघायची परवानगी मागितली. दुकानदारानं एकदा माझ्याकडे, एकदा बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, “उतरा, पण पावती झाल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.”