रेप तीन

कोकणातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात मी एम.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. तासांपेक्षा जास्त काम जानेवारी ते मे या महिन्यांत असतं. खरिपात प्रयोग घेतलेली मुलं आकडे घेऊन येतात आणि ॲनोव्हाचा तक्ता, म्हणजे आकड्यांतला फरक कशामुळे किती पडला ते वेगळं करून दाखवणारा तक्ता, काढून नेतात. फुटव्यांची संख्या, हजार दाण्यांचं वजन, दाण्यांचं आणि पेंढ्याचं उत्पन्न. दोन वर्षांच्या पदवीत प्रयोगाला बहुतेकांना एकच पावसाळा मिळतो. तो हुकला की थेट पुढचा जून. आकड्यांत फार चढउतार दिसला, सीव्ही (कारण न कळणाऱ्या चढउताराचं सरासरीशी प्रमाण) वीस टक्क्यांच्या वर गेला, की मी कागद परत देतो आणि म्हणतो, ‘पुन्हा बघून ये.’ चौदा वर्षं हेच म्हणत आलोय.

मागच्या एप्रिलमध्ये परभणीकडची एक मुलगी आली. तिचा प्रयोग खारजमिनीतल्या भातावर होता. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ आणि गावातलं जुनं स्थानिक बी असे चार वाण, आणि लागवडीच्या दोन पद्धती: लावणी आणि रहू. रहू म्हणजे बी भिजवून, मोड आणून, चिखलात फेकायचं. खारपट्ट्यातली ही जुनी रीत आहे आणि हल्ली लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून तिची पुन्हा चौकशी होते. वाण आणि पद्धत यांच्या जोड्या म्हणजे आठ ट्रीटमेंट, त्या सगळ्या तीनदा घ्यायच्या म्हणजे तीन रेप (रेप्लिकेशन), एकूण चोवीस प्लॉट. प्रयोग विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नव्हता. पेणच्या पुढे धरमतर खाडीच्या काठी एका शेतकऱ्याच्या खाचरात होता.

लेआउट माझ्याच संमतीने ठरला होता. जमीन ज्या दिशेने बदलत जाते त्या दिशेला आडवे ब्लॉक टाकायचे, म्हणजे एका ब्लॉकातल्या आठही प्लॉटना साधारण सारखी जमीन मिळते. सिनॉप्सिसच्या बैठकीत मी कागदावर एका कडेला खाडी काढली, दुसऱ्या कडेला डोंगर काढला आणि सांगितलं, रेप एक डोंगराकडे, रेप दोन मध्ये, रेप तीन खाडीच्या बांधाला लागून. खाडीजवळ खार जास्त, डोंगराकडे कमी. यावर कुणी काही विचारलं नाही आणि मलाही विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

तिच्या आकड्यांत सगळं उलटं होतं. बारा चौरस मीटरच्या नेट प्लॉटमधून (कडेच्या ओळी सोडून उरलेल्या भागातून) रेप एकमध्ये सगळ्यांत चांगलं उत्पन्न लावणीच्या पनवेल-३ चं, ३.२ किलो. रेप तीनमध्ये स्थानिक वाण, तोही रहू केलेला, ३.४ किलो. बांधाला लागून असलेल्या ब्लॉकात सगळ्यांत कमी देणारा प्लॉट डोंगराकडच्या सगळ्यांत चांगल्या प्लॉटच्या पुढे गेला होता.

मी फील्ड डायरी मागितली. पहिल्या दोन रेपच्या कापणीची पानं तिच्या अक्षरात, आकडे इंग्रजीत. रेप तीनचं पान वेगळ्याच अक्षरात, वेगळ्या शाईत आणि आकडे मराठीत. तारीख दिवाळीची, जेव्हा होस्टेल रिकामं झालेलं असतं.

टेबलापाशी आणखी दोघं आपल्या पाळीची वाट बघत उभे होते. मी त्यांच्यादेखत विचारलं, “दिवाळीला घरी गेली होतीस ना? मग हे पान कुणी भरलं?”

“गेले नव्हते सर.”

“बांधाला लागून इतकं पीक येत असतं तर खारजमिनीवर संशोधन कशाला केलं असतं आपण?”

त्या दोघांतला एक हसला. ती काही बोलली नाही. मग तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “सर, किती यायला पाहिजे होतं?”

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वही माझ्याकडे वळवून, मी आकडा सांगेन आणि ती लिहून घेईल अशा तयारीने तिने विचारलं होतं. मला पुढे काही सुचलं नाही. “शनिवारी प्लॉटवर जाऊ,” एवढंच म्हणालो.

तिच्या गाईडना फोन केला. ते कुठल्याशा समितीच्या कामात होते. मे संपेपर्यंत ते समित्यांतच असतात. प्रयोग त्यांनी एकदा पाहिला होता, लावणीच्या दिवशी, फोटोपुरता. त्यांना दोष द्यायला माझी जीभ सरसावली होती, पण मी तर तो एकदाही पाहिला नव्हता. मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मातीतला खार मोजायचा ईसी मीटर मागून घेतला, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घेतला आणि निघालो.

एप्रिलमध्ये खारजमीन बघितली नसेल तर सांगतो. भात निघालं की जमीन तडकते, मोठमोठ्या भेगा पडतात. खालचं खारं पाणी उन्हाने वर ओढलं जातं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आम्ही डोंगराच्या बाजूने उतरलो आणि पहिलंच पाऊल पांढऱ्या थरावर पडलं. चपलेखाली कुरकुरलं. रेप एकच्या खुंट्या अजून तशाच होत्या आणि त्यांच्या बुंध्याशी मिठाची बारीक कड धरली होती. बांधाकडे चालत गेलो तसा पांढरा रंग विरळ होत गेला. रेप तीनमध्ये पोचलो तेव्हा पायाखाली साधी तपकिरी माती होती, धसकटांच्या मधून हिरवं गवतसुद्धा उगवलेलं.

शेतकरी काका बांधावरच उभे होते. मी विचारलं, हे असं कसं?

“बांधाची बाजू उंच हाय सर. बांध नव्हता तवा खाडीनंच गाल आनून टाकलाय. तिथं पानी थांबत नाय, उघाडीतनं जातं. डोंगराकडं खोलगट. तिथं पानी बसतं, मीठ पन बसतं.”

मग ते मला उघाडीपाशी घेऊन गेले. खारबंदिस्तीतली ही सगळ्यांत कामाची गोष्ट. बांधाच्या पोटातून नळा काढलेला असतो आणि खाडीच्या तोंडाला झाप टांगलेली असते. भरतीचं पाणी झापेला दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. किनाऱ्याला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो गोडा पाऊस रोज दोन ओहोट्यांबरोबर उघाडीजवळच्या जमिनीतलं मीठ धुऊन नेतो. खोलगट जागेत तेच पाणी तुंबून राहतं. काकांना हे लहानपणापासून माहीत होतं. लेआउट टाकताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तिन्ही रेपमधून माती घेतली, एकास अडीच प्रमाणात पाण्यात ढवळली, अर्धा तास निवळू दिली आणि बांधावरच बसून मीटर लावला. रेप एक ४.८, रेप दोन ३.१, रेप तीन १.६. तिने आकडे लिहून घेतले. मी तिच्याकडे बघण्याचं टाळत होतो.

पाणी प्यायला घरी गेलो तेव्हा डायरीतल्या त्या पानाचाही उलगडा झाला. काकांच्या सूनबाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, “हे माझंच अक्षर.” रेप तीनचं भात आडवं पडलं होतं, थांबलं असतं तर दाणे गळून गेले असते. दिवाळीत मजूर नव्हते. दोघींनी मिळून दोन दिवस कापलं, झोडलं, वारवलं. काटा हिच्या हातात, पेन सूनबाईंच्या. भाऊबीज तिने त्याच घरात केली होती. सूनबाई बारावीपर्यंत शिकलेल्या. प्रत्येक वजनापुढे त्यांनी प्लॉट नंबर लिहून त्याखाली रेघ मारली होती. माझ्याकडे येणाऱ्या डायऱ्यांत इतकं नीट पान क्वचित असतं. तेच मला बनावट वाटलं होतं.

रात्री तक्ता पुन्हा काढला. तीन रेपमधला फरक फार मोठा, पण ब्लॉक टाकतात ते त्यासाठीच. तो फरक चौदा डिग्रीच्या एररमध्ये, म्हणजे कारण न कळणाऱ्या चढउतारात, न मिसळता वेगळा निघतो आणि खार डोंगराकडे आहे की खाडीकडे, याच्याशी त्या गणिताला देणंघेणं नसतं. सीव्ही साडेनऊ टक्के. वाणांचा क्रम तिन्ही रेपमध्ये जवळजवळ तोच. तक्ता पहिल्या दिवसापासून सांगत होता की आकडे खरे आहेत. घरी बसून रेप तीन भरणाऱ्या मुलीने तो रेप एक आणि दोनच्या आसपास, थोडा कमीच भरला असता. म्हणजे मला जसा हवा होता तसा. मला शंका आली ती संख्याशास्त्रामुळे नव्हे, मी कागदावर काढलेल्या खाडीमुळे.

मी तिची माफी मागितली. पण केबिनमध्ये, एकटीची. त्या दोघांसमोर मागायला हवी होती. तोवर त्यांची कामं होऊन ते गेले होते आणि मीही त्यांना शोधून काढलं नाही. तिने ईसीचे आकडे थिसीसमध्ये वेगळ्या तक्त्यात दिले. व्हायवात एक्स्टर्नलनी नेमका तोच तक्ता उघडला. तिने उघाडीची झाप हाताने हलवून दाखवावी तशी सगळी समजावून सांगितली. आता ती नोकरीला लागली आहे.

पण त्या दिवशी मी आकडा सांगितला असता तर तिने तो लिहून घेतला असता, हे काही डोक्यातून जात नाही. हे विचारायचं असतं, हे तिला कुणीतरी शिकवलं असणार. तिच्या आधीच्यांनी, त्यांच्या आधीच्यांनी, आणि त्या सगळ्यांच्या समोर टेबलाच्या या बाजूला मीच बसलेलो होतो.

गेल्या आठवड्यात २०१६ च्या बॅचमधल्या एकाला फोन केला. अभ्यासू मुलगा, आता बँकेत कृषी अधिकारी आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरळ विचारलं, की मी कागद परत दिला की तुम्ही मुलं काय करायचात. तो थोडा वेळ थांबला.

“सर, तुम्ही ‘पुन्हा बघून ये’ म्हणालात की आम्ही होस्टेलवर जाऊन बघून यायचो.”