शंभर भोकं आणि ०.१ मिलिमीटर

सावंतवाडीतल्या लाकडी खेळण्यांच्या एका कारखान्यात घरीच जोडलेला सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं यंत्र आहे. तिथली तक्रार झेड अक्षाची, म्हणजे खाली-वर हालचालीची होती. १२ मिमी जाड सागवानी फळीवर दहा बाय दहा अशी शंभर भोकं पाडायची, प्रत्येक ९ मिमी खोल, त्यात नंतर खुंट्या बसतात. पहिल्या काही ओळी अचूक यायच्या. पासष्ट-सत्तराव्या भोकानंतर फळी उलटी केली की पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी टिंबं दिसायची. ड्रिल बिटचं मधलं टोक पलीकडे निघत होतं. शेवटच्या भोकाची खोली भरली ११.४ मिमी.

जोडणी नेहमीचीच. अर्डुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएल १.१ (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर), तिन्ही अक्षांना स्वतंत्र मायक्रोस्टेप ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट), ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा), नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटर. ड्रायव्हरचे पल्स (पाऊल), डायरेक्शन (दिशा) आणि एनेबल (मोटरचा करंट चालू-बंद) यांचे प्लस अर्डुइनोच्या पिनांना, सगळे मायनस ग्राउंडला. महिन्यापूर्वी झेडचा जुना लीडस्क्रू काढून १६ मिमी व्यासाचा, ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, म्हणजे गोळ्यांवर फिरणारा स्क्रू बसवला होता. मोटरच्या फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येक स्टेपचे मायक्रोस्टेप ८, म्हणजे १६०० पल्स. भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२०. जीआरबीएलच्या $१०२ या सेटिंगमध्ये हाच आकडा होता. मग हिशेब चुकलेला नाही. शिवाय तो चुकला असता तर पहिलंच भोक चुकलं असतं, चूक साठत गेली नसती.

बिट फिरवणाऱ्या मोटरबद्दल, म्हणजे स्पिंडलबद्दल मालकांचं निरीक्षण नेमकं होतं: "स्पिंडल बंद ठेवून प्रोग्रॅम चालवला तर झेड जागच्या जागी परत येतो." मॅग्नेटिक स्टँडवर सरकणं मोजणारा डायल लावून पाहिलं. स्पिंडल बंद, शंभर वेळा खालीवर, काटा शून्यावर. स्पिंडल चालू, बिट हवेतच, तरी काटा सरकला. साहजिकच संशय व्हीएफडीवर, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या आणि विद्युत नॉइज पसरवणाऱ्या ड्राइव्हवर गेला. २.२ किलोवॉटच्या स्पिंडलची केबल आणि पल्सच्या तारा एकाच पट्टीतून नेल्या होत्या, स्पिंडलच्या केबलचं शील्ड कुठेच जोडलेलं नव्हतं. हे चूकच होतं. केबल वेगळ्या वाटेने घेतली, शील्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला बांधलं, लिमिट स्विचच्या (अक्षाचं टोक ओळखणाऱ्या) प्रत्येक इनपुटला ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. स्पिंडल सुरू होताना अधूनमधून येणारा लिमिटचा खोटा अलार्म बंद झाला. झेड मात्र पहिल्यासारखाच उतरत राहिला. दोष दोन होते, त्यातला एकच गेला होता.

मग कोणतीही तार न हलवता वाया गेलेल्या फळीवरची शंभर भोकं ओळीने मोजून कागदावर लिहिली. ९.०, ९.०, ९.१, ९.१, ९.१, ९.२... उडी आली की ०.१ चीच आणि नेहमी खालीच. उत्तर इथेच होतं. नॉइजमुळे फालतू पल्स गेले असते तर चूक कितीही मायक्रोस्टेपची आली असती, दोन्ही दिशांना आली असती. वेग किंवा अ‍ॅक्सिलरेशन जास्त होऊन स्टेप सुटल्या असत्या तर स्पिंडल बंद असतानाही सुटल्या असत्या. इथे दर वेळी बरोबर ०.१. स्टेपर मोटरची विद्युतस्थिती दर चार पूर्ण स्टेपनंतर पुन्हा तीच येते. ५ मिमी लीडला एक पूर्ण स्टेप ०.०२५ मिमी, चार स्टेप ०.१ मिमी. म्हणजे मोटर मधेच मोकळी सुटते, थोडी फिरते आणि पुन्हा करंट आला की आधीच्या जागी न जाता पुढच्या तशाच जागी जाऊन बसते. कंट्रोलरला याचा पत्ताच नसतो.

मोकळी कधी सुटते? जीआरबीएलमध्ये ड्रिलिंगची तयार सायकल नाही, त्यामुळे आराखड्यावरून प्रोग्रॅम बनवणारं कॅम सॉफ्टवेअर प्रत्येक भोकासाठी सुट्या ओळी लिहून देतं. भोकाच्या तळाशी जी४ पी०.५ होतं, अर्धा सेकंद थांबण्यासाठी. जी४ आला की आधीची हालचाल पूर्ण संपते आणि जीआरबीएल मोटर विश्रांतीत गेली असं धरतो. $१ मध्ये मूळची २५ ही किंमत होती, म्हणजे २५ मिलिसेकंदांनी एनेबल पिन मोटर सोडून देते. मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल पिन अर्डुइनोच्या डी८ ला (हीच एनेबलची पिन) लावली आणि तात्पुरता जी४ पी५ लिहिला, कारण अर्ध्या सेकंदात मीटरचा आकडा स्थिरावत नाही. हालचाल चालू असताना ०, थांबताच जवळपास ५ व्होल्ट. या जोडणीत ५ व्होल्ट म्हणजे ड्रायव्हर बंद.

करंट गेल्यावर मोटरकडे फक्त तिच्या चुंबकाची जेमतेम पकड उरते. स्पिंडल, त्याचा क्लॅम्प आणि झेडची प्लेट मिळून सात-आठ किलोचं वजन बॉलस्क्रूवर लटकलेलं. स्पिंडल बंद असताना ती पकड पुरत होती. स्पिंडलची थरथर मिळाली की स्क्रू दात-दात करत उतरायचा. जुना लीडस्क्रू घर्षणाने स्वतःच अडून राहायचा, म्हणून हा दोष एवढे दिवस झाकलेला राहिला. प्रोग्रॅममधून जी४ काढून, स्पिंडल चालू ठेवून पुन्हा शंभर वेळा चालवलं. काटा शून्यावर.

दुरुस्ती एका ओळीची: $१=२५५. मग मोटर थांबल्यावरही धरून ठेवली जाते. झेडच्या ड्रायव्हरच्या एनेबलच्या दोन्ही ताराही सोडवून टाकल्या (एसएमपीएस बंद करून, आणि मोटरची तार तर चालू सप्लायवर कधीच ओढायची नाही, ड्रायव्हर जळतो). या ड्रायव्हरला एनेबल न जोडणं म्हणजे कायम चालू. हे केलंच पाहिजे, कारण अलार्म आला की जीआरबीएल २५५ असतानाही एनेबल सोडतो आणि नेमक्या त्या क्षणी बिट लाकडात असतं. कुणी एनेबलचा प्लस ५ व्होल्टला आणि मायनस डी८ ला जोडला असेल तर खेळ उलटा होतो, तिथे एनेबलचा संकेत उलटवणारं $४=१ लागतं.

मोटर सतत धरून ठेवली की तापते, म्हणून ड्रायव्हरवरचा थांबल्यावर अर्धा करंट देणारा डिप स्विच त्या स्थितीत आहे ना ते पाहिलं. या वजनाला अर्धा करंट पुरतो. वीज गेली तर मात्र झेड अजूनही उतरू शकतो. त्याला ब्रेकची मोटर किंवा वजन तोलणारी गॅस स्प्रिंग लागेल, तोवर वीज आल्यावर आधी होमिंग (अक्ष लिमिट स्विचपर्यंत नेऊन जागा पुन्हा ठरवणं), मगच काम.

नवी फळी लावली. जी४ तसाच ठेवला, कारण तळ सपाट यायला तो हवाच. पहिलं भोक ९.०, पन्नासावं ९.०, शंभरावं ९.०. पाठ कोरी.