माळवदाच्या भिंतीला टाके कसे घालायचे

मराठवाड्यात जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दाखवताना भिंतीवर थाप मारून सांगतात, "अडीच फुटी आहे, किल्ल्यासारखी." उन्हाळ्यात आत गार असतं, हे खरं. भूकंपात मात्र हीच जाडी नडते. कशी, ते कळलं की दुरुस्ती काय करायची तेही आपोआप कळतं.

ही भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरचा पदर घडीव किंवा निदान तोंड सारखं केलेल्या काळ्या दगडाचा, आतला पदर ओबडधोबड दगडाचा. मधल्या पोकळीत गुंडे, चिपा आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवायला आरपार जाणारा दगड लागतो, गवंडी त्याला हेडर म्हणतात. दीड फुटी भिंतीला दीड फुटाचा दगड खाणीतून निघतो. अडीच-तीन फुटीला तेवढ्या लांबीचा काळा दगड मिळणं कठीण, उचलून लावणं त्याहून कठीण. म्हणून भिंत जेवढी जाड, तेवढे हेडर कमी. बऱ्याच भिंतींत एकही नसतो. बाहेरून किल्ला, आतून दोन पत्त्यांमध्ये भरलेली माती.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंपात जे झालं ते याच भिंतींचं झालं. आदल्या रात्री गणपती विसर्जन, लोक उशिरा झोपलेले. तीव्रता 6.2 (दुसऱ्या मोजपद्धतीने 6.4), पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. औसा आणि उमरगा तालुक्यांतली किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी अशी गावं काही सेकंदांत बसली. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे 8 हजार माणसं गेली आणि पुढे 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळच्या भूकंपनकाशात हा भाग सर्वात सुरक्षित, म्हणजे झोन 1 मध्ये होता. 2002 च्या नकाशात झोन 1 काढूनच टाकला, लातूर झोन 3 मध्ये गेलं.

त्या काही सेकंदांत भिंतीच्या आत काय होतं, ते ज्वारी मोजणाऱ्याला सांगावं लागत नाही. पायली भरून जरा हलवली की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. भिंत हलली की मधला गुंडा-मातीचा भराव तसाच खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर लोटतो. हेडर नसल्यामुळे त्यांना धरायला काही नसतं. आधी बाहेरचा पदर गल्लीत पडतो, मग आतला खोलीत. भिंतीखाली झोपलेल्या माणसावर हा दुसरा येतो.

त्यात वर माळवद. तुळयांवर लाकडं, त्यावर किलचण, म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढरट, माती. गळलं की दरसाल वर आणखी एक थर. जुनी माती काढून नवी टाकायचा उद्योग कोण करतो? दोन फूट थर झालेली घरं काही अपवाद नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट म्हणजे 200 घनफूट. कोरड्या, दाबलेल्या मातीचा घनफूट 45 किलोच्या आसपास धरला तर 9 टन झाले. सप्टेंबरअखेर पावसाने भिजलेली माती त्याहून जड. वजनापेक्षाही वाईट म्हणजे माती पोकळी ठेवत नाही. स्लॅब पडला तर कोपऱ्यात, खाटेखाली, कुठेतरी हवा राहते. माळवदाची माती वाळूसारखी ओतली जाते आणि नाकातोंडात जाते. दगडाचा मार बसला नाही तरी माणूस गुदमरतो. म्हणून माळवदाखालचा माणूस काढायचा तर पहिल्या तासाभरात, आणि त्या वेळी हाताशी फक्त शेजारी, घमेली आणि फावडी असतात. फावडं पायाकडून न मारता आधी तोंड मोकळं करायचं, त्यासाठी शेवटी हातानेच उकरायचं.

त्याच गावांत कुडाच्या, छपराच्या झोपड्या बऱ्याच वाचल्या. ज्याच्याकडे पैसा, त्याच्या घराला दगड जास्त आणि माती जास्त. तिथून पुढे "दगड म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीव" हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं, आणि माझ्या मते किल्लारीनंतरचं सर्वात मोठं नुकसान या समीकरणाने केलं. दोष दगडाचा नव्हता, एकमेकांना न बांधलेल्या दगडाचा होता.

याचं उदाहरण आजही गावोगाव दिसतं. माळवद उतरवायचं, जुन्या माती-दगडाच्या भिंती तशाच ठेवायच्या आणि वर साडेचार इंची स्लॅब ओतायचा. मालकाला वाटतं घर पक्कं झालं. हिशेब करून बघा. माळवदाचे 9 टन गेले आणि स्लॅबचे अडीच टन आले, वजन कमी झालं हे खरं. पण पुष्कळ घरांत माळवदाचा भार भिंतीवर नव्हताच, तो लाकडी खांबांवर होता, भिंत नुसता आडोसा होती. खांब काढून स्लॅब टेकवला की छताचा सगळा भार त्या पोकळ भिंतीवर आला. आता भिंत फुटली की स्लॅब सरळ खाली. खांब-तुळईचा सांगाडा ही जुन्या घरातली सर्वात चांगली गोष्ट, आणि तीच आपण सरपणात घालतो.

दुरुस्ती वरून खाली करायची.

पहिलं काम माती उतरवणं. साधारण 20 सेंटिमीटर ठेवून बाकी काढायची. एका कोपऱ्यातून खणत जाऊ नका, एका खणावर (दोन तुळयांमधल्या भागावर) भार आणि शेजारचा रिकामा असं झालं की तुळई एका बाजूला ओढली जाते. सगळ्या छपरावरून चार-चार बोटं करत उतरवायची, आणि काढलेला ढीग भिंतीच्या कडेला साठवायचा नाही. मग जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर पुन्हा मातीचा पातळ थर आणि पन्हाळीकडे उतार. मूळ दुखणं गळतीचं होतं, ते प्लास्टिकने भागतं. गळती थांबली की दरसाल माती चढवायची गरजच उरत नाही.

नंतर सांगाडा. खांबाचं डोकं आणि तुळई यांचा सांधा नुसता खुंटीवर किंवा वजनावर बसलेला असतो. खांबापासून तुळईपर्यंत दोन्ही बाजूंना तिरपे टेकू घाला, खिळ्यांऐवजी बोल्टने, म्हणजे सांगाडा एका बाजूला कलणार नाही. खांबाचा पाय वाळवीने खाल्लाय का ते टोच्याने बघून घ्या. टोच्या अर्धा इंच सहज गेला तर तेवढा भाग कापून नवा जोड द्यायला हवा, रंग मारून उपयोग नाही.

आता भिंतीचे टाके, म्हणजे हेडरच्या जागी दोन्ही पदरांना आरपार बांधणारे काँक्रीटचे दांडे. आधी ओळंबा धरून बघा. भिंतीने पोट काढलं असेल तर पदर आतून सुटलेत, तिथे टाके घालून भागत नाही. वरच्या भाराला टेकू देऊन तेवढा भाग उतरवायचा आणि हेडर घालून पुन्हा रचायचा. हातोडीने ठोकून ऐका, भरीव भिंत बद्द वाजते, सुटलेली डबडबते.

भिंत सरळ असेल तर आरपार टाके घाला. एकमेकांपासून आडवं साधारण एक मीटर, उभंही तेवढंच, आणि वरच्या ओळीतला टाका खालच्या दोघांच्या मध्ये येईल असा. दहा फुटी भिंतीला सहा ते आठ टाके बसतात. जागा ठरली की त्या दगडाभोवतीची माती टोकदार सळईने खरवडून काढायची. मग छोट्या पहारीने दगड हळूहळू डावी-उजवीकडे, वर-खाली हलवत सैल करायचा आणि बाहेर ओढायचा. घण मारायचा नाही. घणाने तो दगड निघतो आणि आजूबाजूचे चारही हलतात. दगड निघाला की मागचा भराव हाताने काढत पलीकडच्या पदरापर्यंत जायचं आणि त्या बाजूचा दगडही तसाच सैल करून काढायचा. छिद्र मध्ये बारीक, सुमारे तीन इंच, आणि दोन्ही तोंडांशी रुंद, डमरूसारखं. हा आकार महत्त्वाचा, कारण काँक्रीटची दोन्ही बोंडं पदरांना बाहेरून धरून ठेवतात. नळीसारखं सरळ छिद्र केलं तर हादऱ्यात टाका आतल्या आत सरकतो.

छिद्र पाण्याने धुवायचं, पण बेताने. मातीत बांधलेल्या भिंतीत पाइप सोडला तर भराव चिखल होऊन बसतो. तळाला थोडं काँक्रीट, त्यावर दोन्ही टोकांना आकडा वळवलेली 8 मिलिमीटरची सळई, आणि मग 1:2:4 चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासून भरायचं. सळईच्या भोवती सगळीकडून एक इंच काँक्रीट हवं, नाहीतर ती गंजते आणि फुगून दगड सोडवते. एका टाक्याला साधारण अर्धं घमेलं माल जातो. दहा दिवस पाणी शिंपडायचं. गवंड्याची इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं भरणं. मध्ये पोकळी राहते आणि बाहेरून सगळं छान दिसतं. एका बाजूला फळी लावून दुसऱ्या बाजूनेच भरा. आणि एका दिवशी शेजारशेजारची छिद्रं उघडी ठेवू नका, एक आड एक घ्या.

टाके भिंतीचे पदर बांधतात, चार भिंती एकमेकींना बांधत नाहीत. त्यासाठी दारा-खिडक्यांच्या वर, घराभोवती कमरपट्ट्यासारखा जाळीचा पट्टा लागतो, आतून आणि बाहेरून. रुंदी 25 सेंटिमीटर. तेवढ्या भागातल्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, 20 मिलिमीटर खोल कोरायच्या, तारेच्या ब्रशने घासून धुवायच्या, सिमेंटची रबडी मारायची आणि 1:3 चा (सिमेंट, वाळू) पहिला थर 12 मिलिमीटरचा द्यायचा. तो ओला असतानाच 10 गेजची वेल्ड केलेली जाळी सहा इंची खिळ्यांनी दरजांमध्ये ठोकायची आणि वर 16 मिलिमीटरचा दुसरा थर. कोपऱ्यावर जाळी कापायची नाही, वळवायची. जोड आलाच तर भिंतीच्या मधोमध, फूटभर एकावर एक. कोपऱ्यात तुटलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला पट्टा, कोपरे तर सर्वात आधी उघडतात.

अख्ख्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून तडे झाकणं ही दुरुस्ती नव्हे. उलट पुढच्या वेळी तडा वाढलाय का तेही दिसत नाही.

नव्याने दगडात बांधणाऱ्यांसाठी थोडक्यात. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर हेडर. तेवढा दगड मिळाला नाही तर त्या मापाचा काँक्रीटचा ठोकळा आधीच पाडून ठेवावा. सांधमोड पाळायची, म्हणजे उभ्या सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट लांब, आणि भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त भोकं नकोत. दारावरून तीन इंची काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवायचा, तुकड्या-तुकड्याने फक्त दारांवर नाही.

2024 च्या 21 मार्चला आणि पुन्हा 10 जुलैला हिंगोलीजवळ 4.5 चे धक्के बसले, परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने एक साधी सूचना केली होती, पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला पाच किलोचा दगड दहा फुटांवरून डोक्यात पडायला मोठा भूकंप लागत नाही. पण नुसते दगड काढले की पुढच्या वळवात पत्रे उडतात आणि दगड पुन्हा वर जातात. दगडांच्या जागी जे-हूक, म्हणजे J आकाराचे वळवलेले बोल्ट, हवेत. पत्र्याच्या नागमोडीच्या उंचवट्यावर भोक पाडायचं, खोलगट भागात नाही, नाहीतर गळतं. खाली रबराचा वायसर, आणि कडेच्या ओळीत हूक जवळजवळ, कारण वारा पत्रा कडेकडून उचलतो.

हे सगळं होईपर्यंत आज रात्री फुकटात होणाऱ्या काही गोष्टी आहेत. अंथरूण बाहेरच्या भिंतीलगत नको, खांबाजवळ घाला. कोनाड्यातला पाटा-वरवंटा, फळीवरचे पितळी हंडे उशाकडून हलवा. दाराच्या वाटेत ट्रंक, कणगी, ज्वारीची पोती ठेवू नका, आणि कडी अशी हवी की अंधारात चाचपडून एका हाताने निघेल. दार चार पावलांवर असेल तर हादरा जाणवताच बाहेर पडून अंगणाच्या मध्यावर थांबा. गल्लीत नाही, गल्लीत दोन्हीकडचे बाहेरचे पदर पडतात. दार लांब असेल तर लोखंडी खाटेखाली शिरा. हादरा थांबल्यावर चप्पल किंवा दागिने आणायला आत जाऊ नका, सुटलेल्या पदराला पाडायला नंतरचा छोटा धक्का पुरतो.