तुम्ही विचारलंत म्हणून: एफ१२ मी अजून का दाबायला लावते

‘सगळं नेटवर्कवरूनच होतं ना? मग प्रत्येक मशीनसमोर जाऊन एफ१२ कशाला दाबायचं?’ आम्ही लॅबच्या कंप्युटरांवर नेटवर्कवरून विंडोज टाकतो, तेव्हा प्रत्येक मशीनच्या कीबोर्डवरचं एफ१२ हे बटण मी हातानं दाबायला लावते. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हे विचारतो. जुनेही विचारतात, फक्त जरा आडवळणानं: ‘ते बंद करता येतं, माहीत आहे ना?’ माहीत आहे. मी ते एकदा बंद केलं होतं. आजवर तुकड्यातुकड्यांत सांगत आले, आज सलग सांगते.

मला पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरायची हौस आहे असं कृपा करून समजू नका. चाळीस मशीनच्या लॅबमध्ये हातानं विंडोज टाकण्यात मी दिवसच्या दिवस घालवलेत, आणि शेवटी चाळीस मशीनची चाळीस तऱ्हा झालेली पाहिली आहे. एकाला प्रिंटर नाही, दुसऱ्याचं पार्टिशन (डिस्कची विभागणी) वेगळं, तिसऱ्याचं नाव चुकलेलं. त्यातून सुटायला मी नेटवर्क बूट, म्हणजे मशीन आपल्या डिस्कऐवजी नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून चालू करणं, शिकले आणि मग वाट बघण्याची एकेक जागा शोधून काढून टाकत गेले. बूट इमेज (मशीन चालू करणारी फाइल) यायला वेळ लागायचा, कारण ती पाठवण्याची टीएफटीपी ही पद्धत मुळात ५१२ बाइट्सचा तुकडा पाठवते आणि पोच येईपर्यंत थांबते. ३०० एमबीची इमेज असली की हे थांबणं लाखो वेळा होतं. या तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा, आकार वाढवायची सोय १९९५ पासून आहे. ती वापरल्यावर स्क्रीनवरची ती रेंगाळणारी पट्टी बघता बघता भरायला लागली. मग मल्टिकास्ट. विंडोजची १५ जीबीची तयार प्रत, म्हणजे इमेज, चाळीस मशीनना वेगवेगळी पाठवायची तर ६०० जीबी, गिगाबिटवर कागदावरच एक तास वीस मिनिटं. मल्टिकास्टनं तीच १५ जीबी एकदा जाते आणि सगळे एकदम उचलतात. पहिल्यांदा लावलं तेव्हा स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टवरच सोडण्याची सोय) बंद होतं, त्यामुळे तो सगळा पूर प्रत्येक पोर्टवर गेला आणि अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बसलं. तेही शिकले. एक जुनं, हळू मशीन सगळ्या गटाला आपल्या चालीनं चालवतं, हेही कळलं.

एवढं सगळं झाल्यावर वाट बघायची एकच जागा उरली होती. काळ्या स्क्रीनवर ‘नेटवर्कवरून बूट करायचं तर एफ१२ दाबा’ अशी ओळ येते आणि काही सेकंदांत कुणी दाबलं नाही तर मशीन आपल्या हार्ड डिस्कवर निघून जातं. मी ती ओळच काढून टाकली. मशीननं कुठून चालू व्हायचं त्या क्रमात, म्हणजे बूट ऑर्डरमध्ये, नेटवर्क पहिलं. रात्री घरून वेक-ऑन-लॅन (बंद मशीनला नेटवर्कवरून चालू करणारा संदेश) पाठवायचं, सकाळी लॅब तयार.

यात एक धोका उघड होता: विंडोज टाकून झालं की मशीन रीस्टार्ट होणार, पुन्हा नेटवर्कवर येणार आणि पुन्हा फॉरमॅट होणार. त्याचा बंदोबस्त मी केला होता. काम पूर्ण झालं की सर्व्हर त्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) यादीत टाकायचा, आणि यादीतल्या मशीनला ‘जा, डिस्कवरून चालू हो’ म्हणायचा. मला ही रचना फार आवडली होती. यादीत नसलेलं मशीन म्हणजे नवीन, आणि नवीन म्हणजे रिकामं, असं मी धरून चालले होते. हे वाक्य मी कुठे लिहिलेलं नव्हतं. सर्व्हर ज्या सूचनांवर चालायचा त्या स्क्रिप्टमध्ये मात्र ते होतं.

एका शनिवारी रात्री इमारतीची वीज गेली आणि तासाभरानं आली. लॅबची मशीन आपोआप चालू झाली, यादीत होती, शहाण्यासारखी डिस्कवर गेली. पण वरच्या मजल्यावरच्या विभागाची चौदा मशीनही चालू झाली. वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं हे सेटिंग त्यांच्या बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये) मीच सहा महिन्यांपूर्वी करून ठेवलं होतं. नेटवर्क पहिलं, हेही मीच; पुढच्या वेळी पुन्हा प्रत्येकाच्या बायॉसमध्ये शिरायला नको म्हणून. एवढ्यानंही काही झालं नसतं, कारण त्यांचा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा, वेगळा आणि त्यांची हाक माझ्या सर्व्हरपर्यंत पोचत नव्हती. पण तीन आठवड्यांपूर्वी एका चाचणीसाठी मी त्या व्हीलॅनवर सर्व्हरचा हेल्पर ॲड्रेस टाकला होता; त्यानं तिथली हाक माझ्या सर्व्हरकडे पोचवली जाते. काढायचा राहिला.

नेटवर्क बूटच्या पद्धतीत, म्हणजे पीएक्सईमध्ये, मशीन ‘कुणी आहे का?’ म्हणून ओरडतं आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतं. १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून मूळ रीत हीच आहे. चौदा मशीननी हाक मारली, माझ्या सर्व्हरनं ओ दिली. यादीत नाव नाही, म्हणून डिस्क पुसून नवं टाकायच्या आज्ञा सुटल्या: डिस्कपार्ट, क्लीन, नवीन पार्टिशन, इमेज.

सोमवारी सकाळी फोन आला की वरच्या मजल्यावर सगळ्यांचे डेस्कटॉप ‘नवे कोरे’ दिसताहेत. जिना चढतानाच मला कळलं होतं. बहुतेकांच्या फायली सर्व्हरच्या शेअरवर (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये) होत्या, त्यांचं अर्ध्या दिवसात निभावलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची तीन वर्षांची मोजमापं डी ड्राइव्हवर होती.

इथे मी बरीच वर्षं एक वाक्य म्हणत आले: फायली शेअरवर ठेवायच्या असा नियम होता. नियम होताच. पण सहा महिन्यांपूर्वी त्यांचं मशीन हातानं रीइन्स्टॉल केलं तेव्हा त्यांनी मला काळजीनं विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, ‘सर, सी उडाला तरी डी ला काही होत नाही. तिथे ठेवा.’ तेव्हा ते खरंच होतं. मी फक्त सी फॉरमॅट करत होते. नवी स्क्रिप्ट अख्खी डिस्क पुसत होती, आणि ती लिहिताना मला ते वाक्य आठवलं नाही.

‘क्लीन’ या आज्ञेनं पार्टिशनची नोंद जाते, डेटा लगेच जात नाही; जिथे इमेज लिहिली गेली तेवढाच भाग कायमचा जातो. जुनी फिरती डिस्क होती म्हणून तरी आशा होती. मी डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली आणि रिकव्हरी दोन दिवस चालवली. हजारो फायली मिळाल्या. नावं नाहीत, फोल्डर नाहीत, तारखा नाहीत. एका अक्षरापुढे आठ आकडी नंबर. सर खुर्ची ओढून बसले आणि एकेक फाइल उघडायला लागले. आकड्यांचे रकाने बघून ते कागदावर लिहायचे, हा कुठल्या वर्षाचा, हा कुठल्या जागेचा. मी शेजारी बसून पुढची उघडून देत होते. ते एकदाही माझ्यावर चिडले नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘तू म्हणाली होतीस ना, डी ला काही होत नाही?’ त्यात टोमणा नव्हता. आपलंच ऐकण्यात काही चुकलं का, हे ते खरोखर विचारत होते. साधारण दोन वर्षांचं जुळलं. एका वर्षाचं नाही.

त्यानंतर मी एफ१२ परत आणलं.

आता तुमचे मुद्दे. ‘मोठमोठ्या ठिकाणी कुणी बटण दाबत फिरत नाही.’ खरं आहे. २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची इमेज चुकून सगळ्या विंडोज मशीनकडे गेली, लॅपटॉप, डेस्कटॉप, अगदी सर्व्हरसुद्धा. लक्षात येऊन पाठवणारा सर्व्हर बंद करेपर्यंत तोही स्वतः फॉरमॅट झाला होता. हे मी ‘बघा, त्यांचंही झालं’ म्हणून पूर्वी सांगायचे. आता तसं सांगत नाही, कारण त्यामुळे सरांचं वर्ष परत येत नाही.

‘डिस्क पुसण्याआधी स्क्रिप्टलाच तपासायला लावा, डेटा असला तर थांब म्हणा.’ लावलंय. डिस्कवर एकही पार्टिशन सापडलं तर ती थांबते. पण ती तपासणीही मीच लिहिली आहे, आणि यादीची रचनाही मीच लिहिली होती, तेवढ्याच खात्रीनं. ‘ओळखीच्या मॅक ॲड्रेसलाच उत्तर द्या.’ हे सगळ्यात बरं, आणि तेही आता आहे.

मग एफ१२ कशाला? माझ्यातली ती जुनी, सगळ्या वाटा बघणं संपवणारी बाई मला हेच विचारते आणि तिला पुरतं उत्तर मला देता येत नाही. तिसाव्या मशीनला मीही स्क्रीनकडे न बघता बटण दाबते, हे मी स्वतः पाहिलंय. त्या क्षणी माझ्या बोटाचा पहारा स्क्रिप्टच्या पहाऱ्याहून कच्चा असतो. तरीही बटण दाबायला कुणीतरी त्या टेबलाशी जातं. टेबलावर कुणाची डायरी असते, मॉनिटरला कागद चिकटवलेला असतो, खुर्चीवर कुणी बसलेलं असतं आणि ते विचारतं, ‘डी राहील ना?’

पुढच्या आठवड्यात साठ मशीन आहेत. आमच्यातला एक मुलगा ती ओळ काढून रात्रीत करून दाखवतो म्हणतोय. त्याची स्क्रिप्ट वाचली, माझ्यापेक्षा चांगली आहे. त्याला वेगळा स्विच दिलाय आणि दहा मशीन. त्या स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी अपलिंक केबल मात्र मी काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.