अळंबी, प्रोटीन आणि श्रावण

मशरूम म्हणजे प्रोटीनचं भांडार, असं हल्ली कुणीही उठून सांगतं. आमच्या टिळकवाडीतल्या घरात धाकटी जाऊ बटण मशरूमचं पाकीट आणते, ते याच हिशेबानं. पण १०० ग्रॅम ताज्या मशरूममध्ये प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम. बाकी ९० टक्क्यांच्या वर पाणीच. वाटीभर मसुरीची आमटी त्याहून भारी. मशरूमची खरी कमाई म्हणजे ब गटातली जीवनसत्त्वं, पोटॅशियम, सेलेनियम. चिरून कडक उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्वही तयार होतं. आता बेळगावच्या जुलैत ऊन कुठनं आणायचं, ते सांगा.

माझं माहेर जांबोटीकडचं. तिथं पाऊस लागून राहिला की वारुळावर अळंबी येतात. ही पेरून येत नाहीत. वाळवी जमिनीखाली पाल्या-लाकडाच्या चोथ्यावर बुरशी जोपासते, तीच पावसात छत्री काढून वर येते. म्हणून भाव चढा, आणि तरीही चोर्ला घाटाच्या रस्त्याला गोव्याच्या गाड्या थांबतात.

आजी आपलं वारूळ सख्ख्या जावेलाही दाखवायची नाही. छत्री उघडायच्या आतच काढायची, नाहीतर किडे धरतात. हळूच उपटलं की खालचा लांबलचक देठ मातीसकट हातात यायचा. ती माती खरवडायचं काम आम्हा पोरींचं. मग मिठाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवायची आणि सुरी न लावता हातानंच उभी फाडायची, कोंबडीच्या मांसासारखे धागे सुटतात. भाजलेला कांदा-खोबरं, लसूण, धणे पाट्यावर वाटून रस्सा, आणि तांदळाची भाकरी.

श्रावणात मात्र वाद ठरलेला. आजोबा म्हणायचे, "वास मटणाचा, मग श्रावणात कशाला?" आजी ताट सरकवायची. "वारुळाला श्रावण कळतोय व्हय? खावा की गुमान."

लसूण काळा पडला, चांदीचं नाणं काळवंडलं तर अळंबी विषारी, असं अजून सांगतात. साफ खोटं. जिवावर बेतणाऱ्या जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास कित्येकदा सहा-बारा तासांनी सुरू होतो, तोवर यकृताला लागलेलं असतं. म्हणून मी स्वतः रानात वाकत नाही. माहेरच्या ओळखीच्या बाईकडनं घेते, तीही घासाघीस न करता.