कूतपासून पुंगलीच्या पुलापर्यंत

सातारा, पुणे आणि कोकण या भागांतील कितीतरी जुन्या गावांत चावडीच्या, देवळाच्या किंवा वेशीच्या भिंतीत बसवलेली एक छोटी संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके इसम १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर असतो. त्यात दोन आकडे असतात, नाव मात्र एकही नसते. आमच्या गावच्या पाटीवर निवडणुकीच्या दिवसांत पत्रके चिकटवली जातात आणि पुढे ती पावसाने आपोआप गळून पडतात. त्या दोन आकड्यांपैकी दुसऱ्या आकड्यात माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ आहेत.

माजी सैनिकांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची आपली पद्धत अजूनही बरीचशी या पाटीसारखीच आहे, असे मला वाटते. प्रजासत्ताकदिनी शाळेच्या पटांगणात त्यांना ओळीने बसवून शाल आणि श्रीफळ दिले जाते, सूत्रसंचालक ‘आपल्या गावाचे इतके जवान’ असा आकडा सांगतो आणि टाळ्या वाजतात. त्यात खोटे काही नाही. पण खुर्चीवर बसलेला माणूस कोणत्या पलटणीत होता, कोणत्या सालात कोठे होता आणि तेथे त्याने काय केले, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या, तरी मला स्वतःला हे सारे बऱ्याच उशिरा कळले. आभार मानायचे तर आधी कशाबद्दल, हे ठाऊक असायला हवे. म्हणून हे लिहीत आहे.

पणजोबांच्या भावाविषयी घरात एकच वाक्य होते : ‘तो बसऱ्याला गेला तो गेलाच.’ तो ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होता, हे आजोबांच्या बोलण्यातून टिकून राहिले, कारण पुढे त्यांचीही पलटण तीच होती. ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. याच डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा पलटणही होती, आणि जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली हे सारे सैन्य १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, टायग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडले. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्न संपल्यावर, शरणागतीने सुटला. शेवटच्या महिन्यांत तोफखान्याचे घोडे आणि खेचरे कापून मांस वाटले जात होते, आणि ते खाणे धर्माने निषिद्ध मानणारे हिंदी शिपाई कितीतरी दिवस ते नाकारून केवळ जवाच्या तुटपुंज्या शिध्यावर राहिले. गावी परत गेल्यावर जातीबाहेर पडू, ही भीती त्यामागे होती. हे वाचताना माझ्या मनात आले की, ज्या गावाच्या धाकाने ते उपाशी राहिले, त्याच गावाने पुढे त्यांची नावेदेखील लक्षात ठेवली नाहीत.

शरण आलेल्या सुमारे १३,००० जणांना वाळवंटातून चालवत नेण्यात आले आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. पणजोबांचा भाऊ वेढ्यात गेला, वाटेत गेला की त्या रेल्वेच्या कामावर, हे सांगणारा कागद आमच्याकडे नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक बसऱ्याला आहे. शत्त-अल-अरब नदीच्या काठावरचे हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. अशी स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालातून या भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली. म्हणजे बसऱ्याचे स्मारक आणि आमच्या वेशीतली पाटी यांचा कारभार एकच. दोन्हींकडे तो माणूस आकड्यात आहे.

आजोबांची गोष्ट तुलनेने जवळची आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० वी पलटण ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. काका ज्या पलटणीत होता त्याच पलटणीत पुतण्या, अशी भरती तेव्हा सर्रास होत असे. एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियन फौजेशी जी लढाई झाली, तिच्यात ते होते. उघडे, काट्याकुट्यांनी भरलेले, उभे कडे, वरून मारा आणि खाली पाण्याचा एक थेंब नाही, असे ते वर्णन करीत. आणि ‘आपल्या डोंगरात वाढलेल्या माणसाला चढ नवा नव्हता, तहान नवी होती’, असे म्हणत. त्यानंतर ते इटलीत गेले.

इटलीत १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्याच पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांनी जे केले, त्याबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगाव तालुक्यातील हे बावीस वर्षांचे नाईक. त्यांच्या तुकडीतील बाकी सारे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जायबंदी झाले, तेव्हा ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेडने गन निकामी करून त्यांनी एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांचा मृतदेह मिळाला नाही. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या मुलखातल्या एका छोट्या गावाने, आपल्या शेतात पडलेल्या माणसाचे नाव ऐंशी वर्षांनी शोधून काढून दगडावर कोरले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आजोबा लढाईविषयी फारसे बोलत नसत. इटलीतील शेतकऱ्यांविषयी मात्र भरभरून बोलत. ते लोक मक्याच्या पिठाचा जो पदार्थ खातात तो थेट आपला घाटाच, फक्त मीठ कमी, हे त्यांचे ठाम मत होते. पोरांना बिस्किटे दिली की त्यांच्या आया घरात बोलावून पानात हाच घाटा वाढत, असे ते सांगत. लहानपणी आम्हांला युद्ध म्हणजे हे एवढेच माहीत होते आणि त्याचे मला आता वाईट वाटत नाही, कारण त्यांनीच ते निवडून सांगितले होते.

या काळात शेत आजीने केले. तिचे कोणी आभार मानल्याचे मला आठवत नाही. मनीऑर्डर आली की पोस्टमन ओट्यावर बसून कुपनावरच्या चार ओळी वाचून दाखवी आणि तिचा अंगठा घेई. मजकूर नेहमी सारखाच : खुशाल आहे, काळजी करू नये, बैलांना जपावे. पत्र आले नाही की पोस्टमन वाडीतून जाताना सायकलची घंटा न वाजवता जाई, हे आजी सांगत असे. अशा पोस्टमनांचाही फौजेच्या इतिहासात एखादा कोपरा असायला हरकत नाही.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, ते स्वतंत्र भारताच्या फौजेत भरती झाले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये त्यांचे प्रशिक्षण झाले आणि ते पहिल्या, म्हणजे जंगी पलटणीत गेले. ही पूर्वीची १०३ वी. म्हणजे कूतच्या वेढ्यात आमच्या पणजोबांच्या भावाच्या शेजारी असलेली. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूरच्या दक्षिणेला, पाकिस्तानी ठाण्याच्या पाठीमागे जाऊन बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी ठाण्यातील ३१ बलुच पलटणीचे प्रमुख कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याविषयी पत्र पाठवले. उत्तर आले ते कागदात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीसह. १० डिसेंबरच्या रात्री ठाण्यातील सैन्याने वेढा फोडून ढाक्याकडे निसटण्याचा प्रयत्न केला आणि ते अंधारात थेट मराठ्यांच्या मोर्चांवर चालून आले. त्या रात्रीच्या गोळीबारानंतर, सकाळपर्यंत ठाणे शरण आले. ‘रात्र फार मोठी होती’ यापलीकडे तात्या त्या रात्रीबद्दल काही सांगत नाहीत.

त्याऐवजी ते पुंगलीच्या पुलाविषयी सांगतात. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ छत्रीधारी सैनिकांची पलटण विमानांतून उतरली आणि तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. जमालपूरहून निघालेली जंगी पलटण १२ डिसेंबरच्या संध्याकाळी तिला जाऊन मिळाली. पुलावर बसलेली ही पलटण म्हणजे २ पॅरा. आणि २ पॅरा म्हणजे १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली, केरेन आणि इटलीत लढलेली तिसरी मराठाच. समोरून मराठीत हाका ऐकू आल्या तेव्हा तात्यांना एवढेच कळले की आपली माणसे भेटली. ती आपल्या वडिलांची पलटण होती, हे त्यांना ढाक्याहून परतल्यावर आजोबांनी सांगितले. ही हकिकत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा नकाशा काढून बसले आणि कूत, केरेन, टायबर, जमालपूर असे चार ठिपके जोडले. आमच्या वाडीतून अजूनही दिवसातून मोजक्याच एसट्या जातात.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पाटीवरच्या आकड्यात गावातील सगळ्या वस्त्यांमधील माणसे असणार, पण ‘गावचे सैनिक’ म्हणून ज्यांची आठवण काढली जाते ती बहुधा मोजक्याच आडनावांची. महार समाजाची फौजेतली भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली ती त्यानंतर. पेन्शनीत आलेल्या सैनिकांनी समाजासाठी काय केले, हे पाहायचे असेल तर भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिणारे दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर आठवावेत, आणि सुभेदार रामजी सकपाळ आठवावेत, ज्यांचा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. फौजेत शिकलेले अक्षर घरी आणणाऱ्या या बापांचे ऋण महाराष्ट्रावर आहे आणि ते एखाद्या शालीने फिटणारे नाही.

तात्या हवालदार म्हणून पेन्शनीत आले तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आतच होते. शिपायाची नोकरी तरुणपणीच संपते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ‘माजी सैनिक’ म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर म्हातारा माणूस उभा राहतो. प्रत्यक्षात मुले प्राथमिक शाळेत असताना त्याला दुसरी नोकरी शोधावी लागते. तात्यांनी एका बँकेत दारावर बंदूक घेऊन वीस-एक वर्षे काढली. बँकेत येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांना कधी पलटण विचारली असेल. आता दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. नांगर आणि बंदूक धरून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर लवकर उमटत नाहीत, मग खिडकीपलीकडचा मुलगा ‘आजोबा, परत दाबा’ म्हणत राहतो आणि तात्या न कुरकुरता दाबत राहतात. मी सोबत जाते. खरे सांगायचे तर त्या रांगेतच मला सर्वांत अधिक ऐकायला मिळाले. तेथे १९६५ चे लोक भेटतात, श्रीलंकेत गेलेले भेटतात, कारगिलचे तर माझ्याही पेक्षा लहान आहेत.

तात्यांच्या पिढीला आभार मानून घेण्याची सवय नाही. कोणी ‘तुमच्यामुळे आम्ही सुखाने झोपतो’ असे म्हटले की ते अवघडतात आणि पगार मिळत होता, असे उत्तर देतात. मात्र ‘तुम्ही जमालपूरला होता का?’ असे कोणी विचारले की त्यांचा चेहरा उजळतो. एका कॉलेजच्या मुलाने हे विचारले होते. तो बांगलादेश युद्धाविषयी वाचत होता. त्या दिवशी तात्यांनी ट्रंक उघडून डिस्चार्ज बुक, दोन पदके आणि ‘९९ एपीओ’ या फौजी डाकघराचा शिक्का असलेली पत्रे पहिल्यांदा सर्वांसमोर मांडली.

गेल्या वर्षापासून आम्ही गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावे लिहून काढत आहोत. घराघरांत जाऊन ट्रंका, पेन्शनची कागदपत्रे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांवरून यादी वाढत चालली आहे. भीमनगरातील एका आजींकडे सासऱ्यांचे पितळी बिल्ले निघाले. धनगरवाड्यातून दोन नावे आली, जी गावात कोणालाच ठाऊक नव्हती. पहिल्या महायुद्धातील नावे सर्वांत कमी मिळतात आणि पाटीवरचा आकडा पुरा होईल असे वाटत नाही. यादी कोठे लावायची यावर ग्रामपंचायतीत चर्चा चालू आहे. आमच्यात वाद आहे तो निराळाच. काही जणांचे म्हणणे, लढणारे तेवढेच यादीत घ्यावेत. तात्यांना ते मान्य नाही. जमालपूरला त्यांच्या कंपनीचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन मोर्चापर्यंत आला होता, तेव्हा गोळीबार पुरता थांबलेलाही नव्हता. त्यामुळे लांगरी, धोबी, न्हावी, खेचरवाले हे सगळे यादीत आले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट आहे. त्यांच्या या हट्टापायी शेजारच्या वाडीतील आणखी तीन घरांना भेट द्यायची राहिली आहे आणि दिवाळीनंतर, ऊसतोड सुरू होण्याआधी, आम्ही तेथे जाणार आहोत.